माळ्यावरचा व्हॉल्व्ह सेट: आधी ब्रश, मग मीटर, प्लग सगळ्यात शेवटी

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. सावंतवाडीजवळच्या घरी माळा आवरताना आजोबांचा आरसीए एआर-८८ रिसीव्हर (आरसीए या अमेरिकन कंपनीचा जुना रेडिओ) सापडला आणि त्याच्या शेजारी त्यांनी स्वतः बांधलेला ट्रान्समीटर, ८०७ नावाच्या दोन व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतली काचेची किंवा पत्र्याची नळी). पॅनेलवर बुरशी आहे, आत कुंभारमाशीची घरटी आहेत, मागची वायर उंदरांनी कुरतडली आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. साफसफाईला कुठला स्प्रे आणावा, डब्ल्यूडी-४० चालेल का? आणि नवी वायर जोडून एकदा प्लगमध्ये लावून ‘चालतोय का’ बघायला काही हरकत आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा हात तिकडेच जाणार. लावू नका. एक मिनिटसुद्धा नाही.

कारण आकड्यांत सांगतो. या सेटात आवाजाचा शेवटचा व्हॉल्व्ह ६के६ आहे. त्याच्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधला करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीला) आधीच्या टप्प्यातून एक लहानसा कागदी कंडेन्सर जोडलेला असतो. त्याचं काम आवाज पुढे जाऊ देणं आणि डीसी अडवणं. कागदानं ओल प्यायली की तो थोडा डीसी सोडायला लागतो. समजा त्याची गळती १० मेगओहम आहे, आधीच्या टप्प्याच्या बाजूला १०० व्होल्ट आहेत आणि ग्रिडपासून चेसिसपर्यंत (सेटाच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत) ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. म्हणजे ग्रिडवर साडेचार व्होल्ट पॉझिटिव्ह चढले. ६के६ ला २५० व्होल्टवर साधारण उणे १८ व्होल्ट ग्रिड लागतं, तेव्हा तो प्लेटमधून (व्हॉल्व्हमधलं करंट गोळा करणारं टोक) ३२ मिलिअँपिअर घेतो. त्यातले साडेचार व्होल्ट कमी झाले की करंट बराच वाढतो. गळती याहून जास्त असेल तर व्हॉल्व्ह तापतो, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग मेन ट्रान्सफॉर्मर. साध्या मीटरवर हा कंडेन्सर चांगला दिसतो, कारण मीटर त्याला जेमतेम काही व्होल्ट देतो. सेट सुरू होतो, गाणंसुद्धा लागतं, आणि अर्ध्या तासानं जळका वास येतो. व्हॉल्व्ह दुसरा मिळेल. एआर-८८ चा ट्रान्सफॉर्मर मिळणं फार कठीण.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेल्या सेटात काय शाबूत आहे आणि काय गेलंय, हे वीज न लावता कसं ओळखायचं? साफसफाई हा त्याच तपासणीचा पहिला भाग आहे. घाण कुठे साचली, कुठे ओघळली, कुठे नाही, यावरून सेट बरंच काही सांगतो. स्प्रे मारून सगळं एकदम चकचकीत केलंत तर ती माहिती धुऊन जाते.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेतून आलेल्या सेटात धूळ खूप निघते आणि रबरी वायरी तडकलेल्या असतात, पण ट्रान्सफॉर्मर सहसा ठणठणीत निघतो. कोकणातल्या सेटात उलटं असतं. कागदी कंडेन्सर, कार्बनचे रेझिस्टन्स, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या या सगळ्यांत ओल मुरलेली असते. सेट कॅबिनेटमध्ये बंद होता की उघडा, कौलं गळत होती का, मधल्या काळात कुणी तो लावून बघितला का, यानं खूप फरक पडतो. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ‘काकांनी एकदा लावला होता, धूर आला’ एवढी एक आठवण मिळाली तरी तासाभराचं काम वाचतं. आणि पावसाळा चालू असेल तर उघडून फक्त बघा, काम दिवाळीनंतर सुरू करा. दमट हवेत घेतलेली मोजमापं फसवी येतात.

हलवताना दोन माणसं लागतील. हा सेट सुमारे ४५ किलोचा आहे. दुसऱ्या महायुद्धात आरसीएनं तो बनवला, त्यातले बहुतेक लेंड-लीजखाली (अमेरिकेची मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य द्यायची योजना) ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाला गेले आणि युद्धानंतर लष्करी भंगारातून हॅम लोकांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, हाती आले. चौदा व्हॉल्व्ह, ५३५ किलोहर्ट्झपासून ३२ मेगाहर्ट्झपर्यंत सहा बँड. बांधणी इतकी दणकट आहे की कोकणातल्या माळ्यानंतरही तो उभा राहण्याची शक्यता चांगली आहे. चेसिस उलटी ठेवताना खाली लाकडाचे ठोकळे घाला, म्हणजे वजन व्हॉल्व्हवर आणि आयएफटीच्या (आतल्या लहान ट्यूनिंग ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यांवर येणार नाही.

कॅबिनेटमधून काढल्यावर काहीही पुसण्याआधी फोटो काढा. वरून, खालून, चारही बाजूंनी, आणि खालच्या वायरिंगचे जवळून. मग नुसतं बघत बसा. मी एक संध्याकाळ यालाच देतो. एखाद्या कंडेन्सरखाली पिवळट मेणाचा ओघळ दिसला तर तो कधीतरी तापला होता. रेझिस्टन्सचे रंगीत पट्टे तपकिरी पडले असतील तर त्यातून नको तितका करंट गेलाय, आणि दोष त्याच्या पुढच्या कंडेन्सरात शोधायचा. धुळीत एखादा स्वच्छ गोल असेल तर तिथून काहीतरी अलीकडे काढलंय. एका ठिकाणी वायरीचा रंग वेगळा, सोल्डरचे डाग वेगळ्या हातानं दिलेले दिसले, तर ते बहुधा तुमच्या आजोबांचं काम. त्या काळात प्रत्येक हॅम आपल्या गरजेप्रमाणे सेटात बदल करायचा, कुणी सिग्नल मीटर जोडायचा, कुणी आणखी एखादा व्हॉल्व्ह. अशी जोडणी ‘कंपनीची नाही’ म्हणून उचकटू नका. तिचं चित्र कागदावर काढा, कशासाठी आहे ते समजून घ्या, आणि धोकादायक नसेल तर राहू द्या. कारखान्यातून निघाला तसा एआर-८८ इंटरनेटवर शेकडो फोटोंत बघायला मिळतो. तुमच्या आजोबांनी वापरलेला एकच आहे.

आता साफसफाई. मास्क आणि हातमोजे घाला, कारण उंदरांची घाण सुकलेली असली तरी तिची धूळ नाकात जायला नको. रंगाचा मऊ ब्रश एका हातात, व्हॅक्यूम क्लीनरची नळी दुसऱ्या हातात. नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधा, म्हणजे सुटलेला स्क्रू किंवा वॉशर आत जाणार नाही. हवेचा जोराचा झोत मारू नका. त्यानं धूळ गँगच्या (स्टेशन बदलणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या) पाकळ्यांत आणि ट्रिमरमध्ये (बारीक जुळवणीच्या लहान कंडेन्सरमध्ये) जाऊन बसते. एवढ्यानंच निम्म्याहून जास्त घाण निघते.

गँग कंडेन्सरला मात्र वेळ द्या. कुंभारमाशीला त्याच्या पाकळ्यांमधली जागा फार आवडते. मातीचं घर सुरीनं खरवडलंत तर एक पाकळी वाकते, आणि एक पाकळी वाकली की डायलवरचे आकडे आणि प्रत्यक्ष स्टेशन यांचा मेळ जातो. मी ड्रॉपरनं डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब त्या मातीवर सोडतो आणि थांबतो. माती काळपट होते, फुगते, मग आपोआप भुसभुशीत होते. ती ब्रशच्या टोकानं काढायची, चिवट राहिली तर जाड कागदाची पट्टी पाकळ्यांमधून हळूच फिरवायची. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन पाणी काढून टाकायचं. हे करताना गँग पूर्ण बंद ठेवू नका, पण हवी तेवढीच उघडा. उघडलेल्या पाकळ्यांना शर्टाची बाही लागली तरी पुरे असतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल. गंजलेला स्क्रू सोडवायला ठीक, तोही टूथपिकनं एक थेंब. सेटात फवारू नका. त्यातलं तेल मागे राहतं, त्यावर धूळ चिकटते, आणि बँड स्विचच्या तपकिरी पॅक्सोलिनच्या चकत्यांत ते मुरलं की काढता येत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरसुद्धा मी स्विचवर फवारत नाही. डीऑक्सिटसारखा क्लीनर छोट्या झाकणात घ्यायचा, टूथपिकनं प्रत्येक संपर्कावर टेकवायचा, स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवायचा, आणि वर आलेला काळा मळ इअरबडनं टिपायचा. स्विचचे काटे दाबून ‘घट्ट’ करायच्या भानगडीत पडू नका. गिअरांमधलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असेल तर अल्कोहोलनं मऊ करून पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब द्या. गिअर उघडू नका.

व्हॉल्व्ह काढताना प्रत्येकाच्या जागेची खूण करा. काचेच्या व्हॉल्व्हवरची छपाई नुसत्या ओल्या बोटानंही निघते, म्हणून तेवढा भाग सोडून बाकीची काच पुसा. डायलवरच्या आकड्यांना अल्कोहोल किंवा काच पुसायचा स्प्रे अजिबात नको, कोरडा मऊ ब्रशच. नॉब काढून रिठ्याच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासा, खाचांमधला तळहाताचा जुना मळ निघून येतो. पॅनेलवरची बुरशी त्याच पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानं पुसा, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. नव्यानं रंग देऊ नका. नॉबभोवती घासला गेलेला रंग तसाच असू दे.

एक इशारा लष्करी सामानाबद्दल. त्या माळ्यावर सुटे मीटर किंवा विमानातल्या डायली असतील आणि आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर रंग असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. आता अंधारात चमकत नाही म्हणून तो निकामी झाला असं समजू नका. चमकणारं रसायन संपतं, रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षांचं आहे. काच उघडू नका, खरवडू नका, तुटलेली असेल तर पिशवीत बंद करून मुलांपासून लांब ठेवा.

सेट स्वच्छ झाला की मीटर. रेझिस्टन्स जागेवरच मोजता येतात, आणि त्याची एक साधी खूण आहे. जागेवर मोजताना आकडा लिहिल्यापेक्षा बराच जास्त आला तर तो रेझिस्टन्स नक्की गेला, कारण बाकीचं सर्किट आकडा फक्त कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. कमी आला तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा. कार्बनचे जुने रेझिस्टन्स ओलीनं वाढतात. २० टक्क्यांच्या आत असतील तर मी हात लावत नाही, कारण तेवढी सूट त्या काळी नव्या मालालाही होती.

कागदी कंडेन्सरांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. ६के६ च्या ग्रिडचा जो वर सांगितला तो, एव्हीसीच्या (आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या) लाइनवरचे, आणि मेनच्या वायरीपासून चेसिसला जाणारे, हे न मोजताच बदलायचे. मेनच्या जागी साधा कंडेन्सर चालत नाही, तिथे वाय-२ लिहिलेलाच हवा. तो निकामी होताना शॉर्ट होऊ नये अशा तऱ्हेनं बनवलेला असतो. बाकीच्यांना एक पाय सोडवून २५० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टवर गळती मोजणारा मीटर) लावा. १०० मेगओहमच्या खाली असेल तर बदला. त्या जागी ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर टाका. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सहज मिळतात. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे आहेत तसे ठेवा. त्या काळच्या चांगल्या लष्करी सेटांत पत्र्याच्या डब्यांत तेल-कागदाचे कंडेन्सर असतात. ते डबे फोडू नका, जुन्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असू शकतं. डबा जागेवर राहू दे, त्याची वायर सोडवा, नवे कंडेन्सर खाली लावा. काढलेले सुटे भाग एका पाकिटात घालून, त्यावर तारीख लिहून कॅबिनेटमध्येच ठेवा.

रबरी वायरी वाकवू नका, वाकवल्या की रबराचा भुगा होतो. जिथे तांबं दिसतंय तिथे एक टोक सोडवून स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा.

मेन ट्रान्सफॉर्मर आता. वायर, फ्यूज आणि मेनवरचे कंडेन्सर सोडवून प्रायमरी (घरची वीज येते ती गुंडाळी) आणि चेसिस यांच्यात मेगर लावा. आकडा १ मेगओहमच्या आसपास किंवा खाली आला तर घाबरू नका, तो बहुधा ओलीचा आहे. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ट्रान्सफॉर्मरशेजारी ६० वॉटचा बल्ब लावून, वर हवा जायला भोक ठेवून, काही दिवस सुकू द्या. बल्ब पुठ्ठ्याला टेकणार नाही आणि खोकं कुणाच्या तरी नजरेसमोर असेल एवढं बघा. आकडा रोज वाढत असेल तर आशा आहे. आठवडाभर वाढतच नसेल तर थांबा, मला कळवा.

इथपर्यंत सगळं नीट असेल तर वीज. तीन तारांची नवी वायर, चेसिसला पक्कं अर्थिंग, १ अँपिअरचा फ्यूज. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज निवडायची जोडणी) २३० किंवा त्याहून वर लावलेला आहे का ते बघा, आपल्याकडे रात्री २४५ सुद्धा येतात. मग सिरीज लॅम्प, म्हणजे सेटाच्या वायरीत मध्येच जोडलेला १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नाही. आणि सगळे व्हॉल्व्ह बाहेर. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. प्रकाशत राहिला तर आत गुंडाळ्या शॉर्ट आहेत. तासभर तसाच ठेवा, मग प्लग काढून हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

त्यानंतर ५वाय३ हा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवा. यातले बहुतेक व्हॉल्व्ह लोखंडी आवरणाचे आहेत, आतला उजेड दिसत नाही, म्हणून ‘पेटत नाहीत’ असं वाटून काढू नका. सिरीज लॅम्प आहे तोवर व्होल्टेज कमी असणार, पण थोड्या वेळानं आवरणं कोमट लागायला हवीत. लॅम्प काढल्यावर फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टच्या आसपास एसी मिळतो का ते मोजा. शेवटी पुन्हा लॅम्प लावून ५वाय३. व्हेरिअ‍ॅकनं व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरला तो अर्धाच लागू पडतो, कारण फिलामेंट पुरेसा तापेपर्यंत तो काही देतच नाही, आणि मग एकदम देतो. व्हीआर-१५० या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये जांभळट उजेड आला की एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उच्च व्होल्टेज) पोचली असं समजा. इथून पुढे सेटात जीव घेणारं व्होल्टेज आहे. मोजताना एक हात खिशात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टरचे कंडेन्सर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून रिकामे करायचे, स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढून नाही.

आवाज आला, पण मंद आला, तर लगेच आयएफटीचे स्क्रू फिरवू नका. बंद पडलेला सेट क्वचितच अलाइनमेंटमुळे (ट्यूनिंगची जुळवणी बिघडल्यामुळे) बंद पडलेला असतो. या सेटात ६एसजी७ हे पाच आहेत, दोन आरएफला (एरियलकडून आलेला सिग्नल वाढवायला) आणि तीन आयएफला (त्यापुढच्या मधल्या टप्प्यांना). त्यांची आपसात अदलाबदल करून बघा. एक कमजोर असेल तर जागा बदलल्यावर फरक कानाला कळतो, व्हॉल्व्ह टेस्टर लागत नाही. आधी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा, मग दहा-पंधरा मीटरची वायर बाहेर टाकून सकाळी ७ मेगाहर्ट्झवर या. तिथे आपल्याकडचे हॅम एसएसबीवर (आवाज पाठवायची त्यांची एक पद्धत) बोलतात आणि या सेटात तो आवाज घोगरा, न कळणारा येईल. एव्हीसी बंद करा, बीएफओ (एसएसबीचा आवाज कळता करणारं आतलं सर्किट) चालू करा, आवाजाचा नॉब पूर्ण वर, आणि आरएफ गेन जवळजवळ तळाला. मग बीएफओ केसभर फिरवत शब्द स्पष्ट होईपर्यंत आणा. सगळे लोक आरएफ गेन वर ठेवून दमतात आणि सेटाला दोष देतात. सिग्नल बीएफओपेक्षा मोठा झाला की असंच होतं.

ट्रान्समीटरला तोवर हात लावू नका. ८०७ ला ६०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिलेले असतात आणि ते व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या उघड्या टोपीवर असतात. पॉवर सप्लायमध्ये ८६६ असे मोठे काचेचे रेक्टिफायर असतील तर त्यांच्या तळाशी पाऱ्याचा थेंब दिसेल. ते उभेच ठेवा आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. फुटले तर पारा झाडूनं किंवा व्हॅक्यूमनं गोळा करायचा नाही. असे व्हॉल्व्ह पुन्हा कधी लावलेत तर एचटी देण्याआधी नुसता फिलामेंट बराच वेळ तापवावा लागतो, म्हणजे हलवाहलवीत वर उडालेला पारा खाली येतो.

हवेत सिग्नल सोडायला तुमच्या स्वतःच्या नावाचं हॅम लायसन्स लागेल, आजोबांचं लायसन्स वारशानं मिळत नाही. परीक्षा द्या, तोवर रिसीव्हर तुम्हाला पुष्कळ शिकवेल. लायसन्स हातात आल्यावर ट्रान्समीटरच्या पॉवर सप्लायचे खालून-वरून फोटो पाठवा, आणि फिल्टरवर ब्लीडर रेझिस्टन्स (कंडेन्सर आपोआप रिकामे करणारा) आहे का, असेल तर किती ओहम मोजतोय, तेवढं सोबत लिहा. तिथून पुढचं तेव्हा बघू.